मुंगीच्या बिनचूक चुका

४ मार्च

आज घरात एक मूल आलं. हाडामांसाचं. आजवर माझा मुलांशी जो काही संबंध आला तो कागदावर. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात मी वीसेक वर्षं 'बालविकास' शिकवते. शरीराची वाढ डोक्याकडून पायांकडे होते आणि मध्याकडून टोकांकडे होते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण पाच वर्षांच्या मुलीला आंघोळ घालताना पाणी कुठून कुठे ओतायचं, हे आज मला कुणीतरी सांगायला हवं होतं. साबण तिच्या डोळ्यांत गेला आणि पाणी माझ्या चष्म्यावर.

मूल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ चाळिशी ओलांडून गेला तरी त्याला अजून सगळे 'बाळ' म्हणतात, तेव्हा वाढीच्या टप्प्यांवर आमच्या घराण्याचा विश्वास किती, ते उघडच आहे. मुलगी वेळेआधी जन्मली, एवढीशी होती, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. आता भावजयीला पुन्हा दिवस गेलेत. रक्तदाब चढलाय, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलंय आणि दवाखान्यातच ठेवून घेतलंय. बाळची नोकरी आणि दवाखाना यांत ओढाताण चाललीय. म्हणून मुंगी माझ्याकडे.

दारात तिला सोडताना बाळ म्हणाला, "हे बघ मुंगी, आईला फार दगदग झाली, म्हणून ती आजारी पडली. आता आत्याला तरी त्रास देऊ नकोस. आत्याला आनंदात ठेवायचं. काय?"

मुंगीनं गंभीरपणे मान हलवली. मला मनातून बरं वाटलं. मला आनंदात ठेवायची जबाबदारी आजवर कुणी घेतलीच नव्हती.

५ मार्च

सकाळी पाहते तर मुंगीनं स्वतःच्या पांघरुणाची घडी घातलेली, बूट दाराशी जोडीनं लावलेले आणि कपड्यांची पिशवी बंद करून त्यांच्याशेजारी उभी केलेली. कपाटाचा एक खण मी तिच्यासाठी रिकामा केला होता. त्यात तिनं काहीच ठेवलेलं नाही. एवढी स्वयंशिस्त या वयात सहसा आढळत नाही. कौतुक वाटलं.

प्रकाशकांचा फोन आला. माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची आहे आणि तिसरं प्रकरण त्यांना कोरडं वाटतंय. "बाई, उदाहरणं जिवंत हवीत हो! वाचणाऱ्याला समोर मूल दिसलं पाहिजे." मी म्हटलं, मूल समोर बसून पाव खातंय. फोन ठेवून मी मुंगीकडे नव्यानं पाहिलं. मांजर उंदराकडे बघतं तसं पाहिलं असं म्हणणार नाही, पण फार वेगळंही नसावं.

७ मार्च

पाण्याचा प्रयोग केला! आमच्या विषयातला सगळ्यांत लाडका प्रयोग. दोन सारखे पेले घ्यायचे, दोन्हींत सारखं पाणी. सारखं आहे हे मुलाकडून कबूल करून घ्यायचं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? पाच वर्षांचं मूल उंच पेला दाखवतं, कारण पाणी वर चढलेलं दिसतं. आणखी थोडं मोठं झालं की तेच मूल म्हणतं, तेवढंच आहे. वर्गात हा प्रयोग मी खडूनं फळ्यावर करते. आमच्या विभागात पेले नाहीत.

मी ओतलं आणि विचारलं, "आता कशात जास्त आहे?"

"तेवढंच आहे," मुंगी म्हणाली. "तूच तर ओतलंस."

माझा चेहरा पडला असावा. या वयाची मुलगी हे कसं म्हणेल? प्रश्न तिच्या नीट लक्षात आला नसणार. मी पुन्हा सावकाश विचारलं, "नीट बघ हं मुंगी. कशात जास्त आहे?"

तिनं पेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मग हळूच उंच पेल्यावर बोट ठेवलं.

"शाब्बास!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. मी तिला उचलून गरकन फिरवलं. माझ्या कमरेला ते मानवलं नाही, पण इतकी वर्षं फळ्यावर काढलेला सिद्धान्त माझ्या स्वयंपाकघरात चालत आला होता. मुंगीही खूप हसली.

पहिलं उत्तर चुकून बरोबर आलं. ते धरू नये.

१० मार्च

मुंगी आता आपण होऊन येते. "आत्या, खेळूया?"

आज बटणं. दोन रांगांत सारखी बटणं मांडली, मग एक रांग ऐसपैस पसरली. "ही जास्त," मुंगी पसरलेल्या रांगेवर हात ठेवून म्हणाली. का, असं विचारल्यावर म्हणाली, "कारण ही लांब झाली. आणि ह्यांना आणखी पिल्लं होणारेत." बटणांना पिल्लं! हे तर कुठल्याच पुस्तकात नाही. मी पेन शोधायला धावले. परत येईपर्यंत तिनं आणखी एक तयार ठेवलं होतं: निळी बटणं थंड असतात, म्हणून ती आधी मोजायची.

चित्रांचंही तेच. परवा तिनं माणूस काढला होता. त्याला मान, खांदे, बोटं, बोटांना नखंसुद्धा. मी तिला माझ्या पुस्तकातलं चित्र दाखवलं, ज्यात डोक्यालाच दोन पाय फुटलेले असतात. म्हटलं, तुझ्याएवढी मुलं बहुतेक असा काढतात. आज पाहते तर तिनं अगदी तस्साच काढून टेबलावर ठेवलेला. परवाचा कुणाचं तरी बघून काढला असणार. आजचा अस्सल.

१४ मार्च

दवाखान्यात गेलो. भावजय फिकट दिसते, पण मुंगीला पाहून उठायलाच लागली. नर्सनं दटावलं. मुंगी पलंगापासून चांगली हातभर लांब उभी राहिली.

"ये ना ग जवळ," भावजय म्हणाली.

"नको. तुला दगदग होईल."

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. या दिवसांत मन हळवं असतं. माझ्या पुस्तकाप्रमाणे पाच वर्षांचं मूल फक्त स्वतःपुरतं बघतं, दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याला विचार करता येत नाही. मुंगीचं हे वाक्य त्यात बसत नाही. पण एका वाक्यावरून प्रकरण बदलायचं तर मग छापायचं कधी? सोडून दिलं.

१९ मार्च

आज शाळेत चाचणी आहे. मुंगीच्या शाळेत पहिलीत घेण्याआधी मोठ्या बाई एकेका मुलाला बोलावून गप्पा मारतात, थोडं मोजायला लावतात, चित्र काढायला लावतात. पहिलीला तयार असेल तर पहिली, नसेल तर आणखी एक वर्ष छोट्यांच्या वर्गात. मुंगीची जिवाभावाची मैत्रीण दातपडकी (समोरचे दोन्ही पडलेत, त्याचा तिला फार रुबाब आहे) आधीच पास झालीय. दोघींनी पहिलीतला बाक निवडूनसुद्धा ठेवलाय, खिडकीजवळचा. मुंगी सकाळपासून त्या बाकाबद्दलच बोलतेय.

मोठ्या बाई म्हणजे माझीच विद्यार्थिनी. पहिल्या रांगेत बसायची आणि माझा शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. त्यामुळे मी निर्धास्त आहे.

चाचणी संपवून मुंगी बाहेर आली ती फुलूनच. "आत्या, मी खूप छान खेळले! सगळं सगळं सांगितलं. एकपण सोडलं नाही."

मी तिला दोन बिस्किटं जास्त दिली.

२१ मार्च

मोठ्या बाईंनी बोलावलं. वर्गात मी तिला 'तू' म्हणायचे, पण तिच्या टेबलासमोर त्या बुटक्या खुर्चीत बसल्यावर तोंडात आपोआप 'तुम्ही' आलं.

"बाई, सांगायला कसंतरीच वाटतंय," ती म्हणाली. "पाणी, बटणं यांचं मी धरतच नाही. या वयात ते चालायचंच, तुम्हीच शिकवलंत. पण तिला पाचापर्यंत मोजता येत नाही. स्वतःचं वय दोन सांगते. ही खुर्ची रात्री पाव खाते म्हणाली. माणूस काढला तर डोक्यालाच पाय. आणि बाई, प्रत्येक उत्तर दिलं की माझ्या तोंडाकडे बघत बसते. काहीतरी मिळणार असल्यासारखी."

मी चष्मा काढून पुसला.

"पहिलीत नको घालायला. झेपणार नाही. आणि एकदा एखाद्या तज्ज्ञाला दाखवाल का?"

"तज्ज्ञ मीच आहे," मी म्हटलं.

ती अवघडली. मग वहीत बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी तिच्याशी बोलणारं कुणी आहे का?" हा प्रश्न पालकांना असाच, हळू आवाजात विचारायचा, हेही मीच शिकवलं होतं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही.

२२ मार्च

आज स्वतःची टिंगल करायची ताकद नाही. मला भीती वाटतेय.

वेळेआधी जन्मलेली. वजन कमी. उशिरा चालली, उशिरा बोलली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आणि मी त्या पाळण्यात डोकावून "किती गोड" म्हणून परत आले होते. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर चुकत होती आणि मी काय करत होते? टाळ्या वाजवत होते. बटणांना पिल्लं होतात म्हणाली तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

बाळला फोनवर सांगितलं. त्यानं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, हिला कळू देऊ नकोस हं. डॉक्टर म्हणालेत, तिला कसलाही ताण नको. नाहीतर पोटातलं हे बाळही आधीच येईल." म्हणजे माझ्या पोटात एक गोष्ट आणि भावजयीच्या पोटात एक जीव, आणि दोन्ही वेळेआधी बाहेर येता कामा नयेत.

मुंगीनं विचारलं, "मोठ्या बाई काय म्हणाल्या?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "आवडलं ना त्यांना?"

२४ मार्च

हे नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

निदान अंगात ताकद तरी यावी म्हणून मी मुंगीचं दूध वाढवलं. दूध तिला मनापासून नको असतं. मग मी आमचं शास्त्र काढलं. उंच पेल्यातलं दूध पसरट वाडग्यात ओतलं. पातळी खाली गेली. म्हटलं, "बघ मुंगी, किती कमी झालं!"

तिनं वाडग्यात वाकून पाहिलं. "आत्या, हे खेळातलं का खरं?"

"म्हणजे?"

"खेळातलं असेल तर कमी झालं. खरं असेल तर तेवढंच आहे." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "पण पिते मी," आणि वाडगा तोंडाला लावला.

मी खालीच बसले, फरशीवर. "मुंगी, तुला पाचापर्यंत मोजता येतं?"

"शंभरपर्यंत येतं. दातपडकीला एकोणतीसनंतर येत नाही."

"मग मोठ्या बाईंना का नाही म्हणून दाखवलंस?"

"तुला चुकलेलं आवडतं ना," ती म्हणाली, जणू मीच विसरलेय. "बरोबर सांगितलं की तू गप्प बसतेस आणि परत विचारतेस. चुकलं की शाब्बास म्हणतेस. उचलून घेतेस. पण मोठ्या बाई हसल्याच नाहीत. मग मी आणखी चुकवलं, तरी हसल्या नाहीत. खुर्चीचं सांगितलं तेव्हासुद्धा नाही."

ओठावर दुधाची मिशी. डोळ्यांत सगळी हिशेबाची काळजी, एखाद्या मोठ्या बाईमाणसासारखी.

"अग पण मला हसवायचं कशाला एवढं?"

"बाबा म्हणाला ना, आत्याला तरी त्रास देऊ नकोस. आईला माझ्यामुळे दगदग झाली." मग तिनं विचारलं, "तू आजारी पडलीस तर मला कुठे पाठवणार? आणखी कुठली आत्या आहे?"

"नाही ग. मी एकच आहे."

"मग?"

मला रडू आलं. मुंगी घाबरली, उठून रिकामा वाडगा दाखवायला लागली: "संपवलं बघ, संपवलं." मी तिला जवळ ओढलं. कुठेही पाठवणार नाही, म्हटलं. कितीदा म्हटलं ते ठाऊक नाही. दाराशी ती पिशवी आणि ते बूट तसेच उभे होते, पहिल्या दिवसासारखे. एवढे दिवस मी त्याला स्वयंशिस्त म्हणत होते. माझ्यासारखी गाढव मीच.

२५ मार्च

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, "तिला सगळं येतं. चाचणी पुन्हा घ्या."

तिनं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला धडकीच भरली. "बाई, पालक असंच म्हणतात. घरी सगळं येतं हो, बाहेरच बोलत नाही. तुमच्याच पुस्तकात आहे ते. 'पालकांच्या नेहमीच्या सबबी.'"

आहे खरं. प्रकरण नववं. ते लिहिताना मी फार खूश होते स्वतःवर.

मग मी सगळं सांगितलं. पेले, बटणं, पहिलं उत्तर, शाब्बास, कमरेतली लचक, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "पहिलं उत्तर बरोबर आल्यावर तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारलात?"

"हो."

"पण बाई, पुन्हा विचारला की मुलाला वाटतं आपलं चुकलं, म्हणून ते उत्तर बदलतं. पुन्हा विचारू नये, हे तर..."

"मीच शिकवलं. खाली दोन रेघा मारायला लावल्या होत्या."

"अजून आहेत माझ्या वहीत," ती म्हणाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. निदान पाषाणाला बसायला आज ती बुटकी खुर्ची तरी मिळाली.

पुन्हा घेते म्हणाली, पण घरी सराव घ्यायचा नाही आणि मी शाळेच्या आवारातही थांबायचं नाही. तरी तिचा पुरता विश्वास बसलेला नाही. माझाही नाही. मुंगीला उत्तरं येतात, हे मला आता माहीत आहे. ती सांगेल का, हे नाही.

२६ मार्च

बाळला समोर बसवून सांगितलं, त्याच्या 'आत्याला तरी'मधला तो 'तरी' कुठे जाऊन लागला ते. त्याचा चेहरा पाहवेना. "मी सहज बोललो ग ताई." सहजच बोलतो आपण सगळे.

भावजयीपासून लपवायचं नाही, असं मी ठरवलं. हा माझा आगाऊपणा होता आणि बाळ नको नको म्हणत होता. तिनं सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी ती लांब उभी राहिली ना, तेव्हापासून मला झोप नाही. आणा तिला."

मुंगीला तिनं सरळ पलंगावरच घेतलं. नर्स पुढे झाली, पण भावजयीची नजर बघून थांबली. "माझ्या पोटात हे जे आहे ना, ते मला दमवतंय. तू नाही. तू पोटात होतीस तेव्हा तूही दमवलंस, आणि मला चाललं होतं. कळलं?"

"पण मी पसारा करायचे."

"करायचीस. मी ओरडायचे. त्यानं कुणी आजारी पडत नाही, वेडे."

मुंगी तिच्या कुशीत जाऊन इतकी रडली की शेजारच्या पलंगावरच्या बाईही डोळे पुसायला लागल्या. मी काहीही टिपून घेतलं नाही. रक्तदाब मोजला तर कालच्यापेक्षा कमी भरला, हे मात्र बाळला मुद्दाम ऐकवलं.

२९ मार्च

आज चाचणी. वाटेत मुंगीनं विचारलं, "मोठ्या बाईंना काय आवडतं? बरोबर का चूक?"

काहीही सांगितलं तरी ते पढवणंच होतं. बरोबर सांग म्हटलं तरी ती ते मोठ्या बाईंना खूश करायलाच सांगणार. वीस वर्षं शिकवलेल्यातलं एक अक्षर कामी येईना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"त्यांना नाही आवडलं तर?"

"नाही आवडलं तर नाही आवडलं. घरी येऊन पाव खाऊ."

"आणि तुला नाही आवडलं तर?"

"मला तू आवडतेस." म्हटलं आणि मीच दचकले. आमच्या घरात असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. रस्त्यात तर नाहीच.

ती दहा पावलं पुढे गेली आणि वळली. "चुकले तरी आणि नाही चुकले तरी?"

"दोन्ही."

"मग मी काय सांगू?" ती वैतागून म्हणाली. बरोबरच होतं तिचं. इतके दिवस कामाला एक साधा नियम होता, तो मी काढून घेतला होता.

"तुला दिसेल ते," मी म्हटलं.

मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. नखं खायची सवय मी लहानपणीच सोडली असं समजत होते. वाढीत असं मागे जाणंही असतं, प्रकरण सहावं. मुंगीला पहिलीत घेतलं नाही तर तो खिडकीजवळचा बाक, दातपडकी, सगळं जाणार, आणि गेलं ते माझ्या शाब्बासकीनं, हे तिला कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते.

मोठ्या बाई स्वतः फाटकाशी आल्या, रुमालानं डोळे टिपत. मी धावतच रस्ता ओलांडला. मग दिसलं की ती हसतेय.

"पाणी ओतलं, विचारलं. म्हणाली, तेवढंच आहे. आणि बाई, माझ्या तोंडून चुकून तेच गेलं, 'नीट बघ हं.' तर काय म्हणाली माहितेय? 'तेवढंच आहे. पण तुम्हाला हवं असेल तर मी जास्त म्हणते.'"

"मग?"

"मग काय, म्हटलं नको, राहू दे. शंभरपर्यंत मोजलं, थांब म्हटलं तरी थांबेना. पहिलीत घेतेय तिला. आता आत्याला कुठल्या वर्गात बसवायचं ते बघते."

मी फाटकाच्या गजाला धरून हसले, आणि मग ते हसणंच राहिलं नाही. मुंगी मागून आली. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, पण थांबली नाही. दातपडकीला सांगायला धावत सुटली.

१ एप्रिल

प्रकाशकांना कळवलं, तिसरं प्रकरण नव्यानं लिहीन, मुंगीची उदाहरणं काढून टाका. ते हळहळले. "बटणांच्या पिल्लांचं तरी राहू द्या हो, काय झकास आहे!" मी म्हटलं, झकास आहे, म्हणूनच काढा. ते तिनं माझ्यासाठी बनवलं होतं. त्यांना वाटलं आज एक एप्रिल आहे म्हणून मी गंमत करतेय.

१६ एप्रिल

मुलगा झाला! दिवस भरून झाला. नर्स म्हणाली, चांगला गुटगुटीत आहे. भावजय सुखरूप. घरी आल्यावर चार दिवस विसावा घेईल, मग मुंगी जाईल. मी आनंदात आहे आणि मला अजिबात बरं वाटत नाहीये.

कपाटाचा खण सध्या कपड्यांनी, खडूंनी आणि कसल्याशा दगडांनी भरलाय. त्यातला एक दगड आज माझ्या चहाच्या कपात सापडला.

सकाळी शाळेत जायच्या गडबडीत मी तिच्या वेण्या घालत होते. ही कला मी इथेच शिकले, आणि चांगली शिकले असं माझं मत होतं. घट्ट, चापून चोपून, दिवसभर एक केस हलत नाही. दुसरी वेणी ओढली आणि मुंगी जिवाच्या आकांतानं ओरडली, "आत्या, दुखतंय!"

माझ्या हातातला कंगवाच पडला. "फार?"

"फार!"

"आज जास्त ओढलं का मी?"

"रोज एवढंच ओढतेस," ती रागानं डोकं चोळत म्हणाली. "रोज दुखतं."

मार्च महिना सबंध, आणि एप्रिलचे हे इतके दिवस. रोज सकाळी माझ्यापुढे पाठ करून, ताठ मानेनं, एक शब्द न बोलता बसायची.

"मग सांगितलं का नाहीस ग?"

"आज सांगितलं ना," मुंगी म्हणाली.

मी दोन्ही वेण्या सोडल्या आणि पहिल्यापासून, सैल घातल्या. वाकड्या आल्या. शाळेला उशीर झाला.